धाग्याचे बळ आणि गाठीची पकड : आर्थ्रोस्कोपिक गाठींवरील संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना : खांद्यातील फाटलेल्या रोटेटर कफची दुरुस्ती दुर्बिणीद्वारे करताना गाठ सांध्याबाहेर रचून अरुंद नळीतून आत ढकलली जाते. तेथे बोटांचा स्पर्श पोहोचत नाही. कंडरा हाडाशी जुळून येईपर्यंत तिला धरून ठेवण्याची जबाबदारी धाग्यावर व गाठीवर असते. या विषयावरील प्रयोगांत मात्र धागा किती भाराला तुटतो, या एकाच आकड्याला अनेकदा अवाजवी महत्त्व दिले जाते.

विवेचन : पॉलिडायॉक्सॅनोनचा एकतंतू धागा गुळगुळीत व ताठ असल्याने त्याची गाठ सहज सरकते, पण त्याच गुणामुळे ती सैलही पडू शकते. विणलेल्या पॉलिएस्टर धाग्यात घर्षण अधिक असते. 2000 नंतरच्या दशकात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे धागे प्रचलित झाले. ते तेवढ्याच जाडीच्या पॉलिएस्टरपेक्षा बरेच बळकट आहेत. परंतु पॉलिएथिलीन मुळातच निसरडे असते. बळकट धागेही गाठीत सरकू शकतात, असे अब्बी व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पाच गाठी व दोन धाग्यांच्या तुलनेतून दाखवून दिले.

येथे स्टीफन बर्कहार्ट व सहकाऱ्यांनी केलेला भेद महत्त्वाचा ठरतो. गाठ बांधली जात असताना फास घट्ट राहणे ही एक गोष्ट. भार पडल्यावर गाठ न सरकणे ही दुसरी. फास 3 मिमी सैल झाला की दुरुस्ती निकामी मानण्याचा निकष अनेक प्रयोगांत वापरला जातो. या निकषानुसार धागा अखंड राहूनही दुरुस्ती फसू शकते. म्हणजेच नव्या धाग्याने दुर्बलता नाहीशी केली नाही. तिचे स्थान बदलले. ती आता गाठीत, किंवा धाग्याने चिरल्या जाणाऱ्या कंडरेत प्रकट होते. सरकगाठीवर पोस्ट बदलत उलटसुलट दिशेने तीन अर्धगाठी घालण्याचा आग्रह याच कारणाने धरला जातो.

प्रयोगांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. पुष्कळदा फास धातूच्या आकड्यांवर ताणला जातो. तेथे मऊ ऊतक नसते. तसेच एकाच सरावलेल्या हाताने बांधलेल्या गाठींवरून सर्वसामान्य निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

निष्कर्ष : मराठीत सुरगाठ व निरगाठ हा भेद गाठीच्या वागणुकीवरून केला जातो, दोरीच्या बळावरून नव्हे. संशोधनानेही धागा आणि गाठ यांचा विचार जोडीनेच करावयास हवा. एका धाग्यावर सिद्ध झालेली गाठ दुसऱ्यावर तशीच विश्वसनीय मानणे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.