हार्ड डिस्कवरील लेखनाची विश्वासार्हता : एका पाठ्यपुस्तकी समजुतीची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या वर्गात हार्ड डिस्कची एक आकृती वर्षानुवर्षे फळ्यावर काढली जाते : केकसारखी समान तुकड्यांत कापलेली तबकडी आणि आतल्या-बाहेरच्या प्रत्येक ट्रॅकवर तितकेच सेक्टर. त्यावरून विद्यार्थी निष्कर्ष काढतात की आतील ट्रॅकवर बिटांची दाटी होत असल्याने तेथील लेखन कच्चे, बाहेरील पक्के. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची आहे.

एके काळी ती बरीचशी खरी होती. १९८० च्या दशकातील पीसीच्या डिस्क मिनिटाला ३६०० फेरे घेत आणि प्रत्येक ट्रॅकवर सामान्यतः १७ सेक्टर असत. आतील ट्रॅकचा परीघ लहान, बिट मात्र तेवढेच. त्यामुळे शेजारचे चुंबकीय बदल वाचताना मूळ जागेपासून सरकलेले भासत. म्हणून आतील ट्रॅकवर लिहिताना प्रत्येक बदलाची वेळ किंचित मागेपुढे करावी लागे. (जुन्या ग्रामोफोन तबकडीवर नाट्यपदाची अखेर थोडी फाटल्यासारखी ऐकू येते, त्याचे एक कारण याच जातीचे आहे.)

पुढे बाहेरील ट्रॅकवर अधिक सेक्टर देण्याची विभागवार पद्धत रूढ झाली आणि बिटांची दाटी सर्वत्र जवळजवळ सारखी झाली. तेव्हापासून ट्रॅकच्या स्थानाचा ठळक परिणाम वेगावर उरला आहे. बाहेर एका फेऱ्यात अधिक मजकूर लिहिला जातो, एवढेच. वेगालाच विश्वासार्हता समजणे ही आपल्या अध्यापनातील चूक आहे. उलट, फिरणाऱ्या तबकडीची थरथर बाहेरील कडेला अधिक असते. १५००० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये तबकड्या लहान ठेवल्या गेल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

पाठ्यपुस्तके हादऱ्यांविषयी मात्र जवळजवळ मौन पाळतात. वाचन चुकले तर पुन्हा वाचता येते. लिहिताना हेड सरकले तर शेजारच्या ट्रॅकवरील मजकूर बिघडू शकतो. म्हणून हेड ट्रॅकच्या रुंदीच्या लहानशा अंशाने जरी ढळले, तरी डिस्क लेखन थांबवते आणि पुढच्या फेऱ्याची वाट पाहते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये ही प्रतीक्षा ८.३३ मिलिसेकंदांची असते. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २००८ साली डिस्कच्या संचासमोर ओरडून हा विलंब वाढतो हे दाखविले होते. संत तुकाराम नगरच्या शेजारीच भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. तेथे प्रेस मशिनलगत संगणक ठेवणाऱ्याला ट्रॅकच्या क्रमांकापेक्षा संगणक कशावर ठेवला आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे. ट्रॅक निवडणे तसेही त्याच्या हाती फारसे नसते. खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर डिस्क स्वतःच, त्याला न कळवता, वापरते.

आपली प्रश्नपत्रिका मात्र ट्रॅक आणि सेक्टर यांचा सरळ गुणाकार करून डिस्कची क्षमता काढावयास सांगते.