सोय आणि सोबत : 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये परतताना

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला, "सर, टाइप करताना काही चूक झाली का?" चूक झालेली नाही. आम्ही पंचाहत्तरीला टेकलो, उभा जन्म कांट आणि ॲरिस्टॉटल शिकवण्यात गेला, आणि आज आम्ही एका कॉम्प्युटर गेमवर बोलणार आहोत. तुमच्यापैकी काहींनी तो खेळला असेल, काहींनी मुलांना त्यावरून बोल लावले असतील. दोन्ही पक्षांनी तासभर धीर धरावा.

खेळ साधारण असा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सुरू झाला. एक कल्पित जग आहे, ॲझेरॉथ नावाचं. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात वावरतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि पहिल्या पायरीपासून साठाव्या पायरीपर्यंत चढायचं. काही कामं एकट्याने होतात. पण भुयारात उतरायचं तर पाच जण लागतात. एक जण पुढे उभा राहून मार खाणारा, एक जण त्याच्या जखमा भरणारा, आणि तिघं मारणारे.

२००८ साली आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हाला यात ओढलं. तो न्यू जर्सीला, दुसरा विद्यार्थी बंगळुरूला, आणि पुण्यात आम्ही व आमचे गणिताचे एक सहकारी. रविवारी संध्याकाळी इथे साडेसात, तिकडे सकाळचे दहा. न्यू जर्सीवाला वॉरियर, म्हणजे मार खाणारा. बंगळुरूवाला वॉरलॉक. गणितवाले मेज, म्हणजे जादूगार. आणि आम्ही प्रीस्ट, मंत्र म्हणून जखमा भरणारे. आयुष्यभर कर्मकांडाची चिकित्सा केल्यावर ही भूमिका वाट्याला यावी! (हशा) पाचवी जागा नेहमी रिकामी असायची. तिथे रस्त्यात भेटेल त्या परक्याला विचारायचं, येतोस का?

आता या खेळाच्या रचनेकडे समीक्षकाच्या नजरेने बघू. मूळ खेळ कमालीचा गैरसोयीचा होता. भुयाराच्या दारापर्यंत चालत जावं लागे. चाळिसाव्या पायरीपर्यंत घोडा मिळत नसे. ग्रिफिन पक्ष्यावरून उडता येई, पण त्याचा मार्ग ठरलेला. तुम्ही नुसते बसून राहायचं, कधी कधी पाच-सात मिनिटं. वॉरलॉक दूरच्या साथीदाराला मंत्राने बोलावून घेऊ शकतो, पण एकट्याने नाही. त्या मंत्राला आणखी दोघांचे हात लागतात. जखमा भरणाऱ्याची शक्ती संपली की त्याने खाली बसून पाणी प्यायचं, आणि ते पाणी जादूगार तयार करून देतो. हे पाणी लिलावात ठेवता येत नाही. साठवूनही उपयोग नाही, खेळातून बाहेर पडून थोडा वेळ गेला की ते नाहीसं होतं. म्हणजे जादूगाराने ते आत्ता, इथे, समोरच्याला द्यायचं. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. ॲझेरॉथमध्ये हे कुणी शिकवलेलं नव्हतं, पण गणितवाले गटात आले की सगळ्यात आधी सगळ्यांना पाणी वाटायचे, परक्यालासुद्धा.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ च्या आपल्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची एक व्याख्या केली. तिचा आशय असा, की अनावश्यक अडथळे स्वखुशीने अंगावर घेऊन ते ओलांडायचा प्रयत्न करणं म्हणजे खेळणं. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकला तर काम सोपं होईल, पण मग गोल्फ उरणार नाही. व्याख्या सुरेख आहे. आम्ही ती वर्षानुवर्षं शिकवली. फक्त एक गोष्ट सूट्सच्या वाचनात आमच्या हाती लागली नव्हती. काही अडथळे असे असतात की ते ओलांडताना शेजारी कोण उभं आहे तेच महत्त्वाचं होऊन बसतं.

२००९ च्या डिसेंबरात खेळात एक सुधारणा आली, 'डंजन फाइंडर'. एक बटन दाबायचं. यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरांवरून पाच माणसं जमवतं आणि थेट भुयारात नेऊन ठेवतं. चालणं गेलं, विचारणं गेलं, वाट पाहणं गेलं. आम्ही या सुधारणेचं टाळ्या वाजवून स्वागत केलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. रविवारची वाट कशाला बघा? बुधवारी रात्री अर्धा तास मिळाला की बटन दाबा. अनोळखी चौघं येत, काम उरकत, आणि रामराम न करता निघून जात.

आमच्या चौकडीत भांडण झालं नाही. कुणी कुणाला सोडलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रविवार बंद पडला होता एवढंच, आणि तो बंद पडल्याचं चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यात २०१० च्या डिसेंबरात 'कॅटॅक्लिझम' हा नवा भाग आला आणि जुन्या जगाचा नकाशाच बदलला. गावं उद्ध्वस्त झाली, मैदानं दुभंगली. म्हणजे परत जावं म्हटलं तरी जायला ती जागा राहिली नाही.

आता परतण्याविषयी. किर्केगार्दचं 'पुनरावृत्ती' या नावाचं एक छोटं, खट्याळ पुस्तक आहे, १८४३ चं. त्यातला निवेदक पूर्वी बर्लिनला मजेत राहिलेला असतो. तीच मजा पुन्हा येते का, हे तपासायला तो मुद्दाम तिथे जातो. तेच बिऱ्हाड, तेच नाटकगृह. काहीच जमत नाही, नाटकगृहात हवी ती जागासुद्धा मिळत नाही, आणि तो हात हलवत परत येतो. या खेळाच्या बाबतीत हाच वाद जाहीरपणे झाला. २०१३ साली एका खेळाडूने कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारलं, जुना खेळ परत आणाल का? त्याचं उत्तर या अर्थाचं होतं, की तो तुम्हाला हवाय असं तुम्हाला वाटतं, खरं तर नकोय. खेळाडूंनी ते मनाला लावून घेतलं. चाहत्यांनी परवानगीविना चालवलेला 'नोस्टाल्रियस' नावाचा जुन्या खेळाचा सर्व्हर २०१६ साली बंद पडला, तेव्हा कंपनीकडे गेलेल्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या होत्या. शेवटी २०१७ साली त्याच अधिकाऱ्याने व्यासपीठावरून 'क्लासिक'ची घोषणा केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला, २००६ च्या आवृत्तीवर बेतलेला. चालणं परत आलं, पाणी परत आलं, आणि ते बटन गेलं.

मग अधिकारी चुकला का? आमच्या मते तो अर्धा बरोबर होता. मूळ खेळात 'मोल्टन कोअर' या चाळीस जणांच्या गुहेतला शेवटचा राक्षस, रॅग्नरॉस, पडायला काही महिने लागले होते. क्लासिकमध्ये तो आठवडाभराच्या आत पडला. जग तेच आलं होतं, पण माणसं पंधरा वर्षांचं ज्ञान गाठीला बांधून आली होती. कुठे काय मिळतं, किती सेकंदांनी काय घडतं, सगळं पाठ. अडथळे परत आणता येतात. अज्ञान कसं परत आणणार?

आम्ही २०२० च्या टाळेबंदीत परतलो. बंगळुरूवाल्याने दहा वर्षांनी फोन करून सगळ्यांना गोळा केलं. पहिले तीन रविवार, खरं सांगतो, कंटाळवाणे गेले. त्याने एक्सेलचा तक्ता केला होता. कुणी कोणत्या क्रमाने काय करायचं ते सगळं त्यात. आम्ही तक्त्याप्रमाणे चाललो आणि तासागणिक पायऱ्या चढलो. एकमेकांची गरज होती, पण ती करारातल्या दोन पक्षांची असते तशी. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत, उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची, आणि उपयोगाच्या मैत्रीला त्याने खालच्या पाटावर बसवलं आहे. त्या तीन रविवारी आम्हाला त्याचं म्हणणं पटत होतं.

चौथ्या रविवारी डेडमाइन्स नावाच्या भुयारात आमचा मंत्र चुकला. पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरला कळ पोचायला पाव सेकंद लागतो, आणि आमच्या बोटांना आता त्याहून जास्त. वॉरियर पडला, मागोमाग सगळे. या खेळात मेलं की स्मशानात भूत होऊन उठायचं आणि धावत आपल्या प्रेतापर्यंत जायचं. पाच भुतं वेस्टफॉलच्या पिवळ्या शेतांतून धावत निघाली. करण्यासारखं काही नाही, शत्रू दिसत नाहीत, तक्त्यात याला रकाना नाही. आणि त्या धावण्यात न्यू जर्सीवाला एकदम म्हणाला, "सर, बाबा गेले तेव्हा मी हे फार मिस केलं."

आम्ही विचारलं, कधी गेले? म्हणाला, २०१० च्या जुलैत.

त्याच्या वडिलांच्या हातचं थालीपीठ आम्ही खाल्लं होतं. २०१० च्या जुलैत त्याच्या ढालीवर किती टक्के काय होतं, तेही आम्ही सांगू शकलो असतो. वडील गेल्याचं मात्र दहा वर्षांनी, भूत होऊन धावताना कळलं. त्याने तेव्हा सांगितलं का नाही? सांगायला वेळच राहिला नव्हता. बटन दाबलं की भुयार, भुयार संपलं की घर. पूर्वी हे बोलणं ग्रिफिनवर व्हायचं, पाणी पिताना व्हायचं, पाचवा माणूस शोधताना व्हायचं. आम्ही त्याला फुकट गेलेला वेळ समजत होतो.

इथे ॲरिस्टॉटलशी आमचं थोडं बिनसतं. मित्रांनी पुष्कळ मीठ एकत्र खाल्लेलं असावं लागतं, हा जुना दाखला तोच देतो. आपणही खाल्ल्या मिठाला जागतो. पण पंगतीला बसायचं तर आधी भूक लागावी लागते. उपयोगाला खालचा पाट देताना, माणूस पंगतीला येतो तो त्याच दारातून, हे ॲरिस्टॉटलने फारसं हिशेबात घेतलेलं नाही.

कुणी म्हणेल, पडद्यावरची मैत्री ती, खरी कुठली? त्यांना माट्स स्टीन या नॉर्वेच्या तरुणाची हकिकत सांगतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराने त्याचे स्नायू झिजत गेले. २०१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलाचं आयुष्य एकटेपणात गेलं याचं आई-वडिलांना दुःख होतं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी दिली आणि देशोदेशीहून पत्रं येऊ लागली, 'इबेलिन'च्या मित्रांची. इबेलिन हे त्याचं याच खेळातलं नाव. त्यांपैकी काही जण अंत्यविधीला आले. बेंजामिन री यांचा २०२४ चा माहितीपट त्यावरच आहे. जरूर पाहा. त्या पत्रांत त्याच्या लढायांबद्दल कमी आहे, त्याने कुणाचं ऐकून घेतलं याबद्दल जास्त.

मात्र खेळाची आरती ओवाळायची नाही. तो दरमहा पैसे घेतो, तास गिळतो, आणि क्लासिकमध्येही पैसे मोजून कुणाकडून तरी पायऱ्या चढवून घेणारे आहेतच. सोयीची खोड बटन काढून जात नाही. आम्ही तक्ता बंद केला, तेव्हा बंगळुरूवाला आठवडाभर रुसला होता.

२०२१ मध्ये क्लासिकचा पुढचा भाग आला. जुन्यातच राहायची मुभा होती, आम्ही राहिलो. गणितवाल्यांची नजर आता अधू झाली आहे, त्यांना लढता येत नाही. पण रविवारी येतात, सगळ्यांना पाणी करून देतात आणि भुयाराच्या दाराशी बसतात. मारणाऱ्या तिघांत एक कमी पडतो. पाचव्या जागेवर आलेले परके कधी कधी वैतागून निघून जातात. गेल्या महिन्यात एक जण थांबला. त्याने विचारलं, ते आजोबा आत का येत नाहीत? वॉरियरने त्याला सांगितलं, तू आधी पाणी घे.

परवा पुन्हा मेलो, दोनदा. चूक आमचीच होती. चला, आता प्रश्न घेऊ.