खिळ्यांत नसलेलीं अक्षरें व ऐतिहासिक साधनांचें मुद्रण

अस्सल कागद छापतांना तो अक्षरशः छापावा, संपादकानें पदरचें कांहीं घालूं नये व मुळांतलें कांहीं गाळूं नये, हा दंडक आपल्या इतिहाससंशोधनांत जुना आहे. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून पाठांच्या शुद्धतेविषयीं वाद पुष्कळ झाले. परंतु ज्या वाटेनें पाठ वाचकाच्या हातीं पडतो, त्या खिळ्याविषयीं त्या मानानें बोलणें थोडें होतें. संपादकानें पाठ कितीहि काळजीनें सिद्ध केला तरी जुळाऱ्याच्या पेटींत जें अक्षर नाहीं तें कागदावर उमटत नाहीं. त्या जागीं काय उमटतें, तें कोणाच्या निर्णयानें उमटतें, आणि वाचकास त्याचा पत्ता लागतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

याला निमित्त एका मुद्रिताचें झालें. पिंपरीच्या संत तुकाराम नगरांतील एका लहानशा अक्षरजुळणीच्या दुकानांत तयार झालेलीं कांहीं पानें आमच्या पाहण्यांत आलीं. मजकूर इंद्रायणी व पवना या नद्यांकांठच्या गांवांच्या यादीचा होता; एका रकान्यांत देवनागरी व शेजारीं शास्त्रीय रोमन लिप्यंतर. या लिप्यंतरांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ व मूर्धन्य व्यंजनाखालीं टिंब देतात. १८९४ सालच्या जिनीव्हा येथील प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेनें मान्य केलेली रीति ती हीच. दुकानांतल्या फाँटांत टिंबाचीं अक्षरें नव्हतीं, म्हणून पहिल्या मुद्रितांत त्या जागीं रिकामे चौकोन आले. चौकोन कुरूप खरे, पण प्रामाणिक. येथें कांहीं होतें व तें नाहीं, असें ते ओरडून सांगत होते. दुसऱ्या मुद्रितांत चौकोन जाऊन साधीं अक्षरें आलीं आणि पान देखणें झालें. चाकणचा ण आतां नुसता न होता, आळंदीचा ळ हा ल झाला होता, आणि कोणीं काय बदललें याची पानावर खूणहि उरली नव्हती. देवनागरी रकाना तरी शाबूत असेल असें वाटलें होतें. तेथें चऱ्होलीची ‘चर्होली’ झालेली. हिंदीच्या सोयीनें घडविलेल्या फाँटांत आडव्या र-ची आकृति कित्येकदां नसते, आणि असली तरी ती कशी उमटवावी हें जुळाऱ्यास ठाऊक नसतें. मग तो रफार देऊन मोकळा होतो.

एका रेघेनें किंवा टिंबानें असें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. रेल्वेच्या अथवा मेट्रोच्या पाटीवर कांहीं बिघडत नाहीं. मार्च २०२२ मध्यें सुरू झालेल्या मेट्रोच्या मार्गावर संत तुकाराम नगर याच नांवाचें स्थानक आहे. तेथील पाटीवर तुकोबांच्या नांवांतील दीर्घ आकारांस रेघा नाहींत म्हणून कोणी उतारू चुकीच्या जागीं उतरत नाहीं. (पिंपळे या गांवाचें नांव साध्या रोमनांत वाचून इंग्रजास तोंडावरची पुटकुळी आठवते, ही गोष्ट निराळी, त्या ल-खालीं टिंब असतें तर बिचाऱ्या गांवाची ही थट्टा टळती.) कागदपत्रांचें तसें नाहीं. आचार्यास दिलेली देणगी आणि आचाऱ्यास दिलेली देणगी यांत गुरु व स्वयंपाकी इतकें अंतर आहे. फौज दर्यांत सांपडली कीं दऱ्यांत सांपडली, यावर मोहिमेचा सगळा नकाशा फिरतो. ज्याच्याजवळ अस्सल कागद नाहीं त्यास छापील अक्षर हाच कागद आहे.

ही अडचण यंत्रयुगानें आणलेली नव्हे. मराठीचा मुद्रणाशीं संबंध आला त्याच दिवशीं ती आली. गोव्यांत छापखाना १५५६ सालीं आला. दक्षिणेंत कोल्लम येथें १५७८ सालीं तमिळ खिळ्यांनीं पुस्तक छापलें गेलें. मराठीच्या वाट्यास तें भाग्य आलें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यांत उतरला व १६१९ मध्यें तेथेंच निवर्तला. १६०८ सालीं रोम येथील आपल्या श्रेष्ठींस लिहिलेल्या पत्रांत, देशी भाषेचीं पुस्तकें देशी लिपींत छापलीं जावीं ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यानें कळविली. आणि ती सिद्धीस न जाण्याचें एक कारण असें सांगितलें कीं, युरोपांत जेथें चोवीस अक्षरांवर भागतें तेथें येथें सुमारें सहाशें साचे करावे लागतील. देवनागरीच्या खिळ्यांची पेटी ज्यानें एकदां पाहिली आहे तो या आंकड्यास अतिशयोक्ति म्हणणार नाहीं. साचे झाले नाहींत. सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन खिळ्यांनीं छापलें गेलें. त्या छापाची प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून जोसेफ सालडाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळुरास जी रोमन आवृत्ति काढली तिच्यावरच बहुतेकांचा आधार आहे.

या रोमन वेषाची हेटाळणी करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मराठी ओवीला परक्या अक्षरांत कोंबली, असें म्हटलें जातें. आमचें मत निराळें आहे. मूर्धन्य वर्णांसाठीं खिळे नाहींत, हें जाणून या लेखनपद्धतीनें एक नियम केला: दंत्य वर्ण एकदां, मूर्धन्य वर्ण दोनदां. एक टी म्हणजे त, दोन टी म्हणजे ट. एक एन् म्हणजे न, दोन म्हणजे ण. एक एल् म्हणजे ल, दोन म्हणजे ळ. ‘परिमळ’ शब्दांत एल् दोनदां येतो, ‘मराठी’ शब्दांत दोन टी व एक एच. नसलेलें अक्षर असलेल्या अक्षरांतून घडविलें, आणि पेटींत नवा खिळा न घालतां भाषेचा भेद राखला. ही युक्ति किती टिकाऊ निघाली याचा पुरावा गोव्यांत आजहि मिळतो. पिलार येथून १९३३ पासून निघणाऱ्या ‘वावराड्यांचो इश्ट’ या कोंकणी साप्ताहिकाच्या रोमन नांवांत ड-साठीं दोन डी व ट-साठीं दोन टी अद्याप उभे आहेत.

तथापि गुण सांगितल्यावर दोषहि सांगितले पाहिजेत, आणि ते लहान नाहींत. द्वित्वाची खूण मूर्धन्यासाठीं खर्चिल्यावर खरें द्वित्व दाखवावयास कांहीं उरत नाहीं. अन्नांतला न्न आणि ण यांचा वेष एकच होतो. शिवाय द्वित्वाचा नियम सर्वत्र एकाच अर्थीं चालत नाहीं. ‘भाषा’ शब्दांत एस् दोनदां येतो तो मूर्धन्य ष साठीं असें वाटेल. पण ‘पुष्प’ शब्दांत तोच ष एका एस्-नें लिहिला आहे. दोन स्वरांमधल्या एकेरी एस्-चा उच्चार पोर्तुगीज जिभेवर ज्-सारखा होतो, तो टाळण्यासाठीं हें द्वित्व आलेलें. क-चीहि तीच गत: ‘कस्तुरी’ सी-नें, तर ‘कीं’ क्यू-नें आरंभतें. आणि सर्वांत मोठी उणीव स्वरांची. अ व आ यांस एकच अक्षर. याचा परिणाम पुढच्या आवृत्त्यांना भोगावा लागला. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची पुण्यांतील देवनागरी आवृत्ति आणि कारिदाद द्रागो यांची १९९६ ची मुंबईची आवृत्ति, दोन्ही मोठ्या श्रमाच्या. पण त्यांतील प्रत्येक आकार हा संपादकाचा निर्णय आहे, आणि छापील काना पाहून तो मुळांतला कीं संपादकाचा हें वाचकास सांगतां येत नाहीं. ण, ट, ळ यांच्या बाबतींत मात्र संपादकास नियमाचा आधार होता. जेथें खूण ठेवली तेथें वाट परत सांपडते, जेथें ठेवली नाहीं तेथें तर्क.

याच ठिकाणीं एक जुना वाद निकालास लावण्याचें साधन पडून आहे. तुकोबांचें महीपतिकृत चरित्र इंग्रजींत नेणारे जस्टिन ॲबट यांनीं १९२३ च्या सुमारास लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील ख्रिस्तपुराणाच्या देवनागरी पोथीकडे लक्ष वेधलें, व तिच्यांत ग्रंथाचा मूळ देवनागरी पाठ आहे असें प्रतिपादन केलें. ती पोथी रोमनावरून उतरलेली असेल तर तिच्यांत विशिष्ट जातीचे प्रमाद सांपडले पाहिजेत: न्न च्या जागीं ण, ल्ल च्या जागीं ळ, अ-आ यांची अदलाबदल. पोथी मुळांतच देवनागरी असेल तर असे प्रमाद नसतील. असलेच तर दृष्टिदोषाचे, घ-ध किंवा भ-म यांच्या गोंधळाचे असतील. पोथी व १९०७ ची आवृत्ति शेजारीं ठेवून शंभर ओव्यांचा असा तक्ता केल्यास केवळ भाषाशैलीवरून काढलेल्या अनुमानांपेक्षां तो अधिक बोलका होईल.

आतां आजच्या साधनांकडे वळूं. येथें चमत्कार असा कीं, अक्षरें हजारों झालीं तरी गळती थांबली नाहीं. युनिकोडाच्या १९९१ च्या पहिल्या कोष्टकांतच ऱ आहे, मात्र तेथें त्याची मुख्य नोंद द्राविडी भाषांतील र-साठीं आहे आणि मराठीचा आडवा र हें त्याचें अर्धें रूप. अ-वर अर्धचंद्र असलेला ॲ २००८ पर्यंत कोष्टकांतच नव्हता. तोंवर कोणी ऍ लिही, कोणी आणखी कांहीं. केरीच्या १८१० च्या मराठी कोशासाठीं श्रीरामपुरास मोडीचे खिळे वापरले होते. त्या मोडीस युनिकोडांत जागा मिळाली ती २०१४ सालीं. पण कोष्टकांत जागा असणें आणि फाँटांत आकृति असणें या दोन गोष्टी आहेत, हें संपादक विसरतात. आणि फाँटांत आकृति नसतां काय होतें तें यंत्रागणिक बदलतें. कोणी चौकोन देतें. कोणी दुसऱ्या फाँटांतलें अक्षर उसनें आणतें, मग एकाच शब्दांत एक अक्षर जाड व बाकीचीं बारीक दिसतात. डोनाल्ड क्नूथ यांची ‘टेक’ ही जुळणीपद्धति विद्वानांत मान्य. पण तिच्यांत नसलेलें अक्षर पानावरून निमूटपणें नाहींसें होई आणि त्याची ओळ फक्त यंत्राच्या नोंदवहींत पडे. ती नोंदवही किती संपादक उघडून पाहात असतील? अशा वेळीं काम थांबवून चूक दाखविण्याची सोय २०२१ सालीं झाली, तीहि मागितली तरच मिळते.

याच ‘टेक’साठीं हॉलंडांतील फ्रान्स वेल्थुइस यांनीं १९९१ च्या सुमारास देवनागरीची जी योजना केली ती पाहून स्टीफन्सची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. कळफलकावर साधीं रोमन अक्षरेंच आहेत असें धरून त्यांनीं मूर्धन्यापूर्वीं टिंब व दीर्घ स्वरास द्वित्व हा नियम बांधला. स्टीफन्सनें व्यंजन दोनदां लिहिलें, यांनीं स्वर; त्यामुळें न्न आणि ण वेगळे राहिले व आ-हि हरवला नाहीं. ही पद्धति डोळ्यांस ओबडधोबड दिसते, पण तिच्यावरून मूळ देवनागरी एकाहि अक्षराच्या संशयावांचून परत उभी करतां येते.

संपादकांकडून आमची मागणी फार नाहीं. टिंबाचें तयार अक्षर नसेल तर साधें अक्षर व जोडचिन्ह यांतून तें घडवावें; टिंब किंचित् सरकलें तरी चालेल, गेलेलें चालणार नाहीं. तेंहि न साधल्यास द्वित्व करावें, जाड अक्षर घालावें, वाटेल ती खूण करावी, पण ती प्रस्तावनेंत सांगावी. रोमन लिप्यंतर देणारानें कोणती पद्धति घेतली हें नांवानिशीं लिहावें. कारण संस्कृताच्या जुन्या रीतींत टिंबाचा एल् म्हणजे ऌ, तर २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत तोच ळ, आणि ऱ-साठीं तेथें आर-खालीं रेघ आहे. हीच शिस्त जुन्या मराठी ग्रंथांच्या पुनर्मुद्रणास लावली पाहिजे. १९६२ च्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. नव्या लेखनांत त्यांचें जाणें कोणास आवडो वा न आवडो. पण १९०० सालचा मजकूर पुन्हां छापतांना ‘गांव घेतलें’ याचें ‘गाव घेतले’ केलें, तर एक गांव घेतलें कीं अनेक घेतले हें ठरविण्याचें साधनच गेलें. असें करणाऱ्या प्रकाशनांत ‘मूळ पाठ’ हे शब्द मुखपृष्ठावर नसावेत.

सर्वांत अधिक चिंता मात्र ज्याच्याकडे कोणी पाहात नाहीं त्या मालाची आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीं, १९९० च्या दशकांत व नंतरहि, मराठी संशोधनाचे असंख्य ग्रंथ अशा फाँटांत जुळविले गेले कीं ज्यांत प्रत्येक कारखान्यानें इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपल्या मनाप्रमाणें देवनागरी तुकडे बसविले होते. त्या फायलींचें रूपांतर आज घाऊक चालू आहे. रूपांतराच्या कोष्टकांत ज्या तुकड्याची नोंद नाहीं तो एक तर गळतो किंवा भलतेंच अक्षर होऊन बसतो. आणि नोंद राहून जाते ती नेहमीं विरळ अक्षरांची, म्हणजे आडव्या र-ची, ऌ-ची, अवग्रहाची, मोडी आंकडे व पाव-अर्धा-पाऊण यांच्या उभ्या रेघांची. जमाखर्चाच्या कागदांत या शेवटच्या रेघांवरच सगळा हिशोब असतो. म्हणून रूपांतरित मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वीं तो मूळ छापील प्रतीशीं ओळीनें ताडून पाहावा, आणि तसें होईपर्यंत ती छापील प्रत रद्दींत काढूं नये.