टाळ्या कुणाच्या, रूळ कुणाचे

'युनियन पॅसिफिक' हा सेसिल बी. डमिलचा १९३९ चा पिक्चर. अमेरिकेची पूर्व-पश्चिम जोडणारी पहिली रेल्वे कशी झाली, त्याची गोष्ट. जुना आहे, काळा-पांढरा आहे, पण वेस्टर्न बघणारं पब्लिक त्याच्यावरून अजून भांडतं. भांडतं कशावरून? बार्बरा स्टॅनविकचा आयरिश हेल खरा वाटतो की ओढूनताणून आणलेला. जोएल मॅक्री हिरो म्हणून ठीक, की वाट चुकलेल्या मित्राच्या कामात रॉबर्ट प्रेस्टन भाव खाऊन जातो. सव्वादोन तासांतलं किती कापता आलं असतं. गाडी पडते तो सीन मात्र सगळ्यांना मान्य. एवढं झाल्यावर कुणीतरी हळूच म्हणतं, इंडियन लोकांचं जरा जुन्या पद्धतीनं दाखवलंय, पण त्या काळी तसंच चालायचं. आपण मजा घ्यावी.

ही मजा कशी तयार होते ते बघू.

डमिल कच्चा माणूस नव्हे. आदिवासी पाण्याची टाकी रुळांवर पाडतात, गाडी घसरते, लूट सुरू होते. हिरो, हिरोइन आणि तो मित्र मोडक्या डब्यात अडकलेले. ती जिवंत हाती लागू नये म्हणून शेवटची गोळी तिच्यासाठी राखून ठेवलेली. तिकडून मदतीची गाडी जळत्या पुलावरून येतेय. अशा वेळी थेटरात कुणाचाही श्वास अडकणारच. तुमचाही, माझाही. कारण कॅमेरा डब्याच्या आत आहे. डब्याबाहेर नुसते घोडे, किंकाळ्या आणि पिसं. बाहेरच्याला नाव नाही, घर नाही, कारण नाही.

कारण होतं. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायेन लोकांनी खरोखरच एक मालगाडी रुळांवरून पाडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनरल हॅनकॉकने कॅन्ससमध्ये शायेन आणि त्यांच्या सोबत्यांचं अख्खं गाव जाळून टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, सँड क्रीकला बायकापोरांसकट माणसं कापली होती. आणि जमीन? १८६४ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना टाकलेल्या दर मैलामागे २० चौरस मैल जमीन मिळणार होती. सरकारने दिली म्हणे. सरकारकडे ती कुठून आली, हा प्रश्न पिक्चर विचारत नाही. पब्लिकही विचारत नाही. लुटीच्या सीनमध्ये चोर कोण, हे आधीच ठरवून आपल्याला खुर्चीवर बसवलेलं असतं.

पिक्चरमधला खलनायक कोण? एक लबाड बँकर आणि त्याने पोसलेला जुगारअड्डेवाला. कंपनी मात्र धुतल्या तांदळासारखी. खऱ्या इतिहासात युनियन पॅसिफिकच्या बड्या लोकांनी बांधकामाचं कंत्राट क्रेडिट मोबिलिए या स्वतःच्याच कंपनीला दिलं, अव्वाच्या सव्वा बिलं लावली आणि तिचे शेअर काँग्रेसच्या सभासदांत वाटले. १८७२ ला हे बाहेर फुटलं. शेअर वाटणाऱ्या ओक्स एम्सवर १८७३ ला प्रतिनिधीगृहाने ठपका ठेवला. हा एम्स पिक्चरमध्ये पात्र म्हणून आहे. घोटाळा नाही. पिक्चरला गाड्या-इंजिनांची मदत खुद्द रेल्वे कंपनीची होती, हे सांगितलं की पुढचं सांगायला नको.

आता चिनी कामगार. पिक्चरचे कैवारी म्हणतात, बाबा रे, हा पूर्वेकडून आलेल्या कंपनीचा पिक्चर, तिच्याकडे आयरिश होते. चिनी होते ते पश्चिमेकडच्या सेंट्रल पॅसिफिककडे. बरोबर आहे. पण शेवट तर दोन्ही रूळ जिथे मिळाले तिथलाच आहे ना! यूटामधलं प्रोमॉन्टरी, १० मे १८६९, सोन्याचा खिळा. तिथवर पश्चिमेचा रूळ आणणारे हजारो हात चिनी होते. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट फोडून बोगदे त्यांनी काढले, बर्फाच्या कड्यांखाली ते गाडले गेले. गोऱ्या कामगाराला पगारावर जेवण कंपनीचं, चिन्याला स्वतःचं. जून १८६७ ला त्यांनी समान पगार आणि कमी तास मागून काम बंद केलं, तेव्हा चार्ल्स क्रॉकरने अन्नाचा पुरवठाच तोडला. आठवडाभरात उपाशी पोटांनी संप मोडला. मोडला कसा म्हणायचा, मोडवला.

२८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम झाला. लोखंडी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश गड्यांची नावं इतिहासात नोंदलेली आहेत. त्या दिवशी राबलेल्या चिन्यांची नाहीत. कंपनीच्या पगारपत्रकात बहुतेक वेळा टोळीच्या मुकादमाचंच नाव, बाकीचे नुसते आकडे. आयरिश गडीही गरीबच, त्यांच्या घामाशी आपलं भांडण नाही. भांडण वहीशी आहे.

बरोबर सत्तर वर्षांनी, २८ एप्रिल १९३९ ला, ओमाहा शहरात 'युनियन पॅसिफिक' झळकला. लोकांनी दाढ्या वाढवल्या, आजा-आजीच्या काळाचे कपडे चढवले, लाखोंनी गर्दी लोटली. हे नुसते प्रेक्षक नव्हते. ते त्या दिवशी पात्रं झाले होते. पिक्चर पडद्यावरून रस्त्यावर उतरतो तो असा. आणि रस्त्यावरून तो व्यासपीठावर चढतो. १० मे १९६९, शंभर वर्षांचा सोहळा, तेच प्रोमॉन्टरी. दळणवळण मंत्री जॉन व्होल्पी भाषणात विचारतात, एवढे बोगदे, एवढा बर्फ, हे अमेरिकनांशिवाय कोण करू शकलं असतं? समोर चिनी-अमेरिकन इतिहास मंडळाचे फिलिप चॉय बसलेले. त्यांना पाच मिनिटं बोलायला देणार होते, तीही कापली. ज्यांनी बोगदे खोदले त्यांना नागरिक व्हायलाच १९४३ पर्यंत कायद्याने बंदी होती, आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुराला देशाचं दारच बंद केलं होतं. मंत्र्याला हे कुणी सांगितलं नसेल. पिक्चरनं तर नाहीच.

२००२ मध्ये कानच्या महोत्सवाने युद्धामुळे रद्द झालेल्या १९३९ च्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस याच पिक्चरला दिलं. जाणकारांचं मत हेही पब्लिकचंच मत असतं, फक्त कोट घातलेलं.

पण मार खाणारा जेव्हा प्रेक्षक असतो तेव्हा? जेम्स बाल्डविन हे नाव आपल्या वर्तुळात नवं नाही. १९६५ ला केंब्रिजच्या वादसभेत त्याने सांगितलं होतं, की काळं पोर गॅरी कूपरच्या बाजूने ओरडत असतं आणि एक दिवस त्याला कळतं, गोळी लागते तो इंडियन म्हणजे आपणच. हे वाचून आपले पुष्कळ मित्र ठरवून टाकतात, की टाळ्या वाजवणारा दलित-आदिवासी म्हणजे गुलाम डोक्याचा. मला हे पटत नाही. फार सोपं आहे ते.

जोएलेन शाइव्हली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ ला एक अभ्यास छापला. पिक्चर दुसरा, जॉन वेनचा 'द सर्चर्स', रेल्वेचा नव्हे. पण कॅमेरा तिथेही गोऱ्याच्याच बाजूला. एका रिझर्वेशनवरच्या २० आदिवासी आणि २० गोऱ्या पुरुषांना त्यांनी तो दाखवला. (रिझर्वेशन म्हणजे आपल्याकडच्या राखीव जागा नव्हेत. जमीन काढून घेऊन उरलेल्या तुकड्यावर लोकांना ठेवलं, तो तुकडा.) दोघांनाही पिक्चर आवडला. दोघेही गोऱ्या हिरोंच्याच जागी स्वतःला बघत होते. पडद्यावरच्या इंडियनच्या जागी एकही आदिवासी बसला नाही. मग फरक काय? गोरे म्हणाले, हे खरं आहे, आमचे पूर्वज असेच होते. आदिवासींनी ते खरं मानलंच नाही. त्यांना आवडलं ते दुसरंच: मोकळं रान, घोडा, कुणाची परवानगी न घेता जगणं. कॉलेजात शिकणाऱ्या आदिवासी पोरांना मात्र तोच पिक्चर अपमान वाटला, त्यांनी तो धुडकावला.

आपण त्या पोरांच्या बाजूचे, हे उघड आहे. तरी मी पुन्हा पुन्हा त्या वीस जणांकडे येतो. त्यांनी गोऱ्याचा इतिहास गोऱ्याला परत केला आणि जमीन तेवढी ठेवून घेतली, पडद्यावर दिसली तितका वेळ.