तोफांचा हिशेब : ऑर्वेलच्या एका प्रकरणाविषयी

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘होमेज टु कॅटलोनिया’ (१९३८) या ग्रंथाची चर्चा बहुधा खंदकातील दिवस आणि गळ्यात लागलेली गोळी यांभोवतीच घोटाळते. मे १९३७ मध्ये बार्सेलोनात सरकारपक्षाच्याच गटांत जी चकमक झडली, तिच्या वृत्तपत्रीय वार्तांचा परामर्श घेणारे प्रकरण मात्र रसिकांस रुक्ष वाटते. खुद्द ग्रंथकारालाही ते कथनाच्या ओघात खुपत असावे. त्याच्या इच्छेनुसार १९८६ च्या आवृत्तीत ते परिशिष्टात गेले. आम्हांस हे स्थलांतर रुचलेले नाही. ग्रंथाचा कस लागतो तो याच पानांवर.

वाद असा. ‘पूम’ हा एक छोटा मार्क्सवादी पक्ष. ऑर्वेल त्याच्याच पथकात लढत होता. लंडनच्या ‘डेली वर्कर’मध्ये फ्रँक पिटकेर्न या टोपणनावाने क्लॉड कोबर्न लिहीत असे. त्याच्या वार्तांप्रमाणे या पक्षाने कित्येक महिने शस्त्रे चोरून दडविली, बराकींतून रणगाडे पळविले, त्याच्यापाशी डझनावारी मशीनगन व हजारो रायफली होत्या, आणि आरागॉन आघाडीसाठी राखलेल्या ‘७५’च्या तोफा त्याने प्लाझा दे एस्पान्या या चौकात आणल्या.

हे असत्य आहे एवढे म्हणून ऑर्वेल थांबत नाही. तो मोजतो. पक्षाच्या तीन मुख्य इमारतींत सुमारे ८० रायफली, त्यांतल्या काही नादुरुस्त. प्रत्येकीमागे अदमासे ५० काडतुसे. मशीनगन एकही नाही. मग तो त्या चौकाभोवतालच्या इमारती न्याहाळतो; तोफगोळ्याची खूण कोठेच नाही. त्या भागात चकमकभर असलेला एक साक्षीदार सांगतो की, तेथे तोफ आलीच नाही. बराकी कोणत्या, हे वार्तेत नाही, हेही तो टिपून ठेवतो. शेवटी प्रश्न अगदी साधा : जून १९३७ मध्ये पक्षावर बंदी येऊन त्याच्या इमारती जप्त झाल्या, तेव्हा ती हजारो शस्त्रे गेली कोठे?

हे सारे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत, असे आमचे मत आहे. ८० हा आकडा पक्षाच्याच सैनिकाने दिलेला. सबंध शहरात दीडशे रायफली व एक मशीनगन, हा तर एका अधिकाऱ्याचा अंदाज. ऑर्वेल तो अंदाज म्हणूनच नोंदवतो, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. भिंतींची साक्ष निःपक्षपाती खरी. परंतु तिच्यावरून तोफा डागल्या गेल्या नसाव्यात इतकेच ठरते, त्या कोणापाशी नव्हत्या असे ठरत नाही. ती उणीव जप्तीचा मुद्दा भरून काढतो. जप्ती करणारे पक्षाचे वैरी होते. रणगाडा हाती लागता तर त्यांनी तो भर रस्त्यात मिरविला असता. वैऱ्याचे मौन हा येथे सर्वांत भक्कम पुरावा. बखरींतील मजकूर समकालीन पत्रांशी ताडून पाहण्याची शिस्त राजवाड्यांनी आम्हांस लावली. पण ती शतकभराच्या अंतरावरून. येथे रणधुमाळीतून सुटून आलेला मनुष्य वर्षाच्या आत तेच काम करीत आहे.

अफवेच्या उगमाविषयी तो रशियाचा वाणिज्यदूत आन्तोनोव-ओव्हसेयेन्को याचे नाव घेतो, परंतु ‘कदाचित’ म्हणूनच. खोटे रचण्याचे कारण मात्र तो नेमके पकडतो. पक्ष क्षुल्लक आहे असेही सांगावयाचे होते आणि सारा दंगा त्यानेच केला असेही. दोन्हींचा मेळ बसविण्यास तोफा-रणगाड्यांवाचून गत्यंतर नव्हते.

तथापि एक दोष राहतोच. रस्त्यापलीकडच्या सशस्त्र दलास तो ‘सिव्हिल गार्ड’ म्हणतो. ते वस्तुतः ‘असॉल्ट गार्ड’ होते. कॅटलोनियातील त्यांचा गणवेश व्हॅलेन्सियाहून मागाहून आलेल्यांपेक्षा निराळा होता आणि स्थानिक लोक सर्वांस सरसकट ‘गार्ड’च म्हणत, म्हणून हा घोटाळा झाला. दुरुस्तीची टिपणे त्यानेच लिहून ठेवली होती. ती ग्रंथात उतरली त्याच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी. जुन्या प्रतीवरून शिकविणाऱ्या अध्यापकांनी दहाव्या व अकराव्या प्रकरणांत ही दुरुस्ती आपल्या हाताने करून घ्यावी.