२६ मार्चचं पत्रक भंडाऱ्यातून वाचताना

"कोविडमध्ये दिव्यांगांसाठी सरकारने काहीच केलं नाही, हेच तुझ्या पीएचडीतून निघणार ना?" असं मला बरेच जण विचारतात. खरं तर तसं नाही. देशभर लॉकडाऊन लागला २५ मार्च २०२० ला. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. आज त्याच पत्रकाबद्दल लिहितोय.

पत्रक वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोविडची माहिती ब्रेलमध्ये द्या, व्हिडिओत सांकेतिक भाषा ठेवा, मदतनीसांना पास द्या, हेल्पलाइन चालवा. सगळं योग्यच. माझी अडचण वेगळी आहे. हे लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं?

एका सूचनेत म्हटलंय, रहिवासी सोसायट्यांना समजावून सांगा, म्हणजे दिव्यांग व्यक्तीकडे येणाऱ्या कामवाल्या बाईला, मदतनीसाला आत सोडतील. दुसऱ्या सूचनेत किराणा दुकानं आणि सुपरमार्केटमध्ये दिव्यांगांसाठी राखीव वेळ ठेवण्याचा विचार करा, असं आहे. मुंबई-पुण्यात हे प्रश्न खरेच होते. पण २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख, आणि त्यातले जवळपास ८० टक्के लोक खेड्यातले. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातल्या गावात सोसायटी म्हटलं की लोकांना धान खरेदीची सोसायटी आठवते! तिथे पगारी मदतनीस नसतो, आई असते, वहिनी असते, म्हातारी आजी असते. ती स्वतः पॉझिटिव्ह निघाली तर पुढे काय, हा तिथला प्रश्न. तो पासने सुटत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. पूर्व विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, भंडाराही त्यात आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यात सिकलसेल घेतला. म्हणजे कायद्याने हा दिव्यांगांचाच प्रश्न. घरात मात्र तसं नसतं. एका आईने मला सरळ सुनावलं, "माही पोरगी त चालते-फिरते, तिले अपंग काऊन मनता?" पोरीचं लग्न व्हायचंय, म्हणून आजाराचं नावही बाहेर काढायचं नाही. तिचं चूक कसं म्हणू?

या पोरीला लॉकडाऊनमध्ये लागत होतं काय? गोळ्या, कधी रक्त, आणि दुखणं उसळलं की लगेच दवाखाना. मोठा उपचार म्हटला की नागपूर, भंडारा शहरापासून साठेक किलोमीटर. लाखांदूरकडून तर आणखी लांब. एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक सुरू झाली २० ऑगस्ट २०२० ला. तिकिटाची सवलत आहे, पण गाडीच नाही तर सवलत घेऊन करता काय?

पैशाचंही तेच. २६ मार्चलाच केंद्राने वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांना दोन हप्त्यांत हजार रुपये जाहीर केले. बातम्यांत 'दिव्यांगांना मदत' आलं. पण ती मदत होती केंद्राच्या पेन्शन योजनेतल्यांना. दिव्यांगांसाठी त्या योजनेची अट दारिद्र्यरेषेखाली आणि ८० टक्के अपंगत्व. सिकलसेलचं दुखणं येतं-जातं. महिनाभर माणूस शेतात राबतो, मग चार दिवस अंथरुणाला खिळतो. याची टक्केवारी कशी काढायची?

लसीकरणात तर गंमतच झाली (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही). १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. २० व्याधींच्या त्या यादीत सिकलसेल होता! म्हणजे धोका माहीत होता. पण वयाची अट ४५. सिकलसेलचे कितीतरी रुग्ण पोरसवदा, विशी-तिशीतले. त्यांना १ मे पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हा सगळ्या तरुणांसोबत कोविनवर स्लॉट शोधायचा. घरी येऊन लस देण्याची घोषणा झाली सप्टेंबर २०२१ मध्ये.

"घाईत काढलेलं पत्रक, एवढी अपेक्षा कशाला?" असं कोणी म्हणेल. पण घाई का व्हावी? त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ८ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवायची. हा सल्ला नाही, कर्तव्य आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाची दिव्यांग-समावेशक आपत्ती व्यवस्थापनाची मार्गदर्शिकाही २०१९ मध्येच आली होती. आणि आपत्ती एकटी येत नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरलं. एकीकडे अंतर ठेवा, दुसरीकडे घर सोडा. त्या रात्री कोणाच्या घरी व्हीलचेअर आहे, कोणाला भोंगा ऐकू येत नाही, हे यादीवाचून कसं कळणार?

यादी करायची म्हटली तरी ती करायची कशी, इथे माझंही शास्त्र कमी पडतं. आम्ही सर्वेक्षणात वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न वापरतो. पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची कामं, बोलणं-समजणं, यात किती अडचण येते? त्या आईची पोरगी सहाही प्रश्नांना 'काहीच अडचण नाही' म्हणाली. माझ्या तक्त्यात ती दिव्यांग नाही. कायद्यात आहे. घरी पुन्हा नाही.

मग मी सातवा प्रश्न घातला. गेल्या महिन्यात दुखण्यामुळे किती दिवस काम बुडालं? ती पटकन म्हणाली, "सहा." गाईडचं म्हणणं, जगभर वापरतात त्या प्रश्नावलीत आपला प्रश्न घुसडला की तुलना बिघडते. बरोबर आहे त्यांचं. म्हणून तो प्रश्न सध्या वेगळ्या पानावर ठेवलाय.