वचन, निर्णय आणि उघडे दार : मराठी ख्रिस्ती गद्यातील नीतिविचार

मराठी ख्रिस्ती गद्याचा विचार आपल्या समीक्षेत बहुधा दोन ठिकाणी येऊन थांबतो. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ला (१८५७) आद्य कादंबरीचा मान द्यावयाचा आणि तीतील धर्मोपदेश कलादोष म्हणून बाजूस सारावयाचा, ही एक रीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील विनोदाची व भाषेच्या निर्मळपणाची वाखाणणी करावयाची आणि त्यांतील धर्मविषयक निर्णय मात्र निव्वळ चरित्रातील घटना मानावयाचे, ही दुसरी. दोन्ही रीतींत धर्म हा संहितेबाहेरचा ठरतो. चर्चच्या वर्तुळातील वाचन याच्या नेमके उलट असते. तेथे हेच गद्य 'साक्ष' म्हणून वाचले जाते आणि निर्णयाचा शेवट तेवढा महत्त्वाचा ठरतो. यांपैकी कोणतेही वाचन मधल्या प्रश्नाकडे वळत नाही. बायबल वाचणारी व्यक्ती त्या वाचनातून रोजच्या जगण्यातला निर्णय घेते कसा? काय खावे, कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, प्रार्थनेच्या वेळी दार लावावे की उघडे ठेवावे, हे ग्रंथ तिला कोणत्या अर्थाने सांगतो? हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच अर्थनिर्णयाचाही आहे.

हान्स-गेओर्ग गाडामर याने 'सत्य आणि पद्धती' (१९६०) या ग्रंथात उपयोजन हे आकलनानंतरचे पाऊल नसून आकलनाचाच घटक आहे, असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी धर्मोपदेशक व न्यायाधीश यांच्या वाचनाचे नमुने पुढे ठेवले. कायद्याचे कलम समोरच्या खटल्यात लागू करताना न्यायाधीशाला त्या कलमाचा अर्थ नव्याने कळतो. आधी अर्थ कळला आणि मग तो लावला, असे घडत नाही. मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. वचन, त्याचा विरोध करणारे दुसरे वचन, त्यांची व्यवस्था आणि अखेर निर्णय, ही धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांची जुनीच वाट आहे. कमलाकरभट्टांच्या १६१२ च्या ग्रंथाचे नावच 'निर्णयसिंधु' आहे. तथापि या परंपरेत निर्णय देणारा शास्त्री असतो. निर्णय जगणारी व्यक्ती, विशेषतः स्त्री, केवळ पृच्छक असते.

या जगातून आलेल्या धर्मांतरिताने नव्या ग्रंथाकडूनही नव्या निर्णयसिंधूची अपेक्षा करावी, हे स्वाभाविक होते. 'यमुनापर्यटन'मधील संवादांची घडण पुष्कळदा अशीच आहे : प्रश्न उभा राहतो, वचन येते, शंका मिटते. वचन आल्यामुळे कादंबरी बिघडते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अपुरा आहे. वचन तेथे फार लवकर येते, ही खरी उणीव होय. यमुनेला स्वतःचे वाचन करण्यास अवधीच मिळत नाही. वैधव्यानंतर केशवपनाचे संकट तिच्यासमोर उभे राहते, तेव्हा मात्र ग्रंथातील उत्तर आणि घरातील माणसे यांमध्ये अंतर पडते आणि कादंबरीला क्षणभर जीव येतो.

खुद्द बायबलमध्ये दैनंदिन निर्णयाचा सर्वांत विस्तृत ऊहापोह जेथे आहे, तेथे निर्णयांची यादी नाही, हे या संदर्भात ध्यानात घेतले पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत पौलापुढचा प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला आहे : मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही? पौलाचा युक्तिवाद वळणे घेत जातो. मूर्ती मुळात काहीच नव्हे, म्हणून जाणत्याला ते मांस वर्ज्य नाही. परंतु ज्याचे मन अजून त्या जुन्या श्रद्धेत अडकले आहे, त्या दुर्बळ बंधूला जाणत्याच्या खाण्याने ठेच लागत असेल, तर जाणत्याने खाऊ नये. बाजारात विकत घेताना चौकशी करीत बसू नये. यजमानाने वाढलेले मुकाट्याने खावे. मात्र पंक्तीतील कोणी 'हे वाहिलेले आहे' असे सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी ते टाळावे. मांस तेच, खाणाराही तोच. शेजारी कोण बसले आहे यावर निर्णय फिरतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच विचार पुन्हा येतो.

प्रचलित मराठी अनुवादात येथे 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द योजलेला आढळतो. शब्द भारदस्त आहे, पण तो वाचकाला एका बाजूस ओढतो. सत् आणि असत् यांची निवड करणारी बुद्धी म्हटली की ती ज्याची त्याची, एकट्याची ठरते. मूळ ग्रीक 'सिनेडेसिस' या शब्दाच्या आरंभीचा उपसर्ग सोबत, सह, असा अर्थ देतो. घडणीने तो शब्द 'सह-जाणीव' असा आहे. दहाव्या अध्यायात पौल स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्याच्या सिनेडेसिसविषयी बोलत असल्याचे स्पष्ट करतो. मराठी शब्दातून हे वाक्य काहीसे विचित्र वाटते, आणि त्या विचित्रपणातच युक्तिवादाचा गाभा आहे.

पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमधील पत्रव्यवहार या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बरीचशी पत्रे इंग्रजीत असल्याने मराठीच्या अभ्यासकांनी तो इतिहासकारांच्या हवाली केला आहे, आणि ही उपेक्षा महागात पडली आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. १८८५ च्या पत्रात रमाबाई या आरोपाला जे उत्तर देतात, ते उपरोधाचा उत्तम नमुना आहे : आपला अहंकार दुधालोण्यात आणि अंड्यापुडिंगात शोधावयाचा असेल तर खुशाल शोधावा, पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळण्याचा आपला हक्क आपण सोडणार नाही, असा त्याचा रोख आहे. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, हा त्यांचा आग्रहही याच काळातला. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास धर्मगुरूंनी हरकत घेतली, तेव्हा आपल्या पित्याने किंवा पतीने अशी हरकत कधी घेतली नव्हती, याची त्यांनी आठवण करून दिली.

पौलाच्या मांडणीत जो खात नाही तो दुर्बळ, जो खातो तो बलवान. जेराल्डीन ही मांडणी शब्दशः रमाबाईंना लावतात आणि त्याच क्षणी तिच्या बाहेर पडतात. कारण बलवानाने दुर्बळाला खावयास लावावे, असे त्या पत्रात कोठेही नाही. बलवानाने आपला हात आखडावा, एवढेच तेथे आहे. रमाबाईंचे वाचन जेराल्डीनपेक्षा अचूक आहे. वचने हाताशी अधिक होती म्हणून नव्हे, तर वचन कोणाला उद्देशून आहे हे त्या विसरल्या नाहीत म्हणून.

अर्थात येथेच थांबले तर ही समीक्षा रमाबाईंच्या कैवारापलीकडे जाणार नाही. ब्राह्मण धर्मांतरितेचा शाकाहार ही निव्वळ आवड नव्हती. जेराल्डीन यांचा आरोप अहंतेने केलेला असला तरी सर्वस्वी निराधार नव्हता. अहमदनगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या अन्नाचा प्रश्न करिंथच्या बाजारात सापडत नाही. मृत जनावराचे मांस खाणे हे तेथे सबळ मनाचे लक्षण नव्हते, दुर्बळ मनाचेही नव्हते. तो गावगाड्याने लादलेला हीनपणा होता. ते सोडण्याचे जे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत केले, त्यात 'न खाणे' ही बंधूसाठी केलेली माघार नसून स्वतःची प्रतिष्ठा परत घेणे होते. पौलाचा बलवान आणि दुर्बळ एकाच पंक्तीला बसलेले आहेत. पंक्तच नाकारलेल्या माणसाला हे तत्त्व काय सांगते, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती धर्मचिंतनाने फार उशिरा विचारला आणि साहित्यसमीक्षेने अजून पुरता विचारलेला नाही.

शारदा सदनाचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास हलविलेले हे सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे धर्मप्रसार न करण्याची हमी होती. सदनाच्या स्वयंपाकघरात सोवळ्याची व्यवस्था ठेवलेली होती. चालविणारी ख्रिस्ती, चूल मात्र ब्राह्मणी. दुर्बळासाठी बलवानाने घेतलेल्या माघारीचे इतके ठळक उदाहरण मराठी समाजात क्वचितच सापडेल. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. येणाऱ्या मुलीला बोलावणे नव्हते, तशी मनाईही नव्हती. वाद पेटला तो या उघड्या दारावरून, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाहेर पडले.

या दारापाशी 'बायबलनुसार वागणे' या शब्दप्रयोगाची परीक्षा होते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी खोलीत जाऊन दार लावून घेण्याची स्पष्ट आज्ञा आहे. ती नियम म्हणून वाचली तर रमाबाईंनी ती मोडली. दानीएलाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मात्र राजाज्ञेची मनाई असतानाही दानीएल यरुशलेमेकडील खिडक्या उघड्या असलेल्या माडीवरील खोलीत गुडघे टेकतो. एक वचन बंद दाराचे, दुसरे उघड्या खिडकीचे. निबंधकार येथे व्यवस्था लावील : पहिले दांभिकासाठी, दुसरे भयभीतासाठी. व्यवस्था चुकीची नाही. पण सदनातील त्या सकाळी खोलीतली बाई दांभिक ठरण्याच्या बेतात आहे की भित्री, हे कोणते वचन सांगणार? ते ठरविणे हेच वाचन होय.

रमाबाईंनी चुलीपाशी माघार घेतली, दारापाशी घेतली नाही. या फरकामागे विवेक आहे. अन्न ही त्यांच्या नव्या श्रद्धेत उदासीन गोष्ट होती. प्रार्थना तशी नव्हती. पण सल्लागारांचा आक्षेप केवळ सनातनी भीती म्हणून झटकून टाकणेही बरोबर नव्हे. अन्न, वस्त्र व शिक्षण ज्या बाईच्या हातून मिळते, तिचे उघडे दार आश्रित मुलीला बंद दारासारखे कसे वाटेल? शेजारी बसलेल्या दुर्बळाचे मन हा पौलाचाच निकष येथे रमाबाईंच्या विरोधकांनी, त्याचे नावही न घेता, रमाबाईंना लावला होता. दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच तत्त्वातून निघते, म्हणूनच हा वाद तत्त्वाने मिटण्यासारखा नव्हता.

'स्मृतिचित्रे'मधील पाण्याचा प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहावा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे तसेच राहिले आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. बलवानाने दुर्बळासाठी थांबण्याचे हे घरगुती रूप, आणि ते वर्षानुवर्षे चालले. पुढे जातिभेदाविषयी स्वतःशी विचार करता करता लक्ष्मीबाई अशा निष्कर्षाला येतात की जाती देवाने केल्या असत्या तर प्राण्यांतील भेदांसारखी त्यांची काही खूण माणसाच्या देहावर दिसली असती. स्त्री आणि पुरुष याखेरीज तशी खूण दिसत नाही. तेव्हापासून कोणाच्याही हातचे घेण्यास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. निर्णय आधी आणि धर्मांतर मागून, हा क्रम 'यमुनापर्यटन'च्या बरोबर उलट आहे.

या युक्तिवादाचा आधार वचन नव्हे, डोळ्यांना दिसणारी सृष्टी आहे, आणि त्याचा सूर घरकाम सांगण्याचाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्राला आकाशातून उतरणाऱ्या चादरीतील सर्व तऱ्हेच्या प्राण्यांचा दृष्टांत होतो आणि देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नये, असा त्याला बोध होतो. प्राणी, अन्न आणि माणसामाणसांतील विटाळ हे तिन्ही धागे तेथेही आहेत. म्हणून लक्ष्मीबाईंच्या या परिच्छेदाखाली त्या अध्यायाची तळटीप द्यावी, असा मोह भाविक संपादकाला होईल आणि आंतरसंहितात्मकतेच्या शोधात असलेल्या अभ्यासकालाही होईल. ती तळटीप घातली की लक्ष्मीबाईंचा विचार उदाहरण होऊन बसतो, आणि त्यांच्या वाक्यात पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो तो निघून जातो.